दाराच्या उजव्या हाताला

आमच्या ऑफिसातल्या मंगलताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कामावरच होते. पलीकडून त्यांचे यजमान, सुधाकरराव. "नीताताई, ही गेली," एवढंच म्हणाले. समोर पडद्यावर कुठल्याशा इमारतीची फाइल उघडी होती. आता दीड महिना होत आला, पण फाइल उघडली की अजून आधी बाईंचा आवाज ऐकू येतो.

आमचं काम काय ते सांगायला हवं. आर्किटेक्ट त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अख्खी इमारत उभी करतो. ती आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आणायची आणि विटा किती, प्लास्टर किती, फरशी किती ते काढायचं. बटण दाबलं की आली, असं विकणारे सांगतात. येते कसली! घर बदलताना सामानाचं होतं तेच तिचंही होतं. कुठे माळाच यायचा राहतो, कुठे एकच भिंत दोनदा येते. आम्ही बाकीचे आकडे ताडून बघायचो. मंगलताई मात्र सरळ घरात शिरायच्या. पडद्यावर दारातून आत जायचं आणि तोंडानं बोलत राहायचं, "आले बाई घरात. चप्पल काढली. दिवा लावला. आता ओट्यापाशी..." ओटा यायचा राहिलेला असला की थांबायच्या. "आता स्वयंपाक काय डोक्यावर करू?" पुढे परदेशातली कामं पुण्यात यायला लागली, तर तिकडच्या घरांतूनही बाई अशाच हिंडल्या. "न्हाणीघरं बघ किती, आणि चप्पल काढायला मेली वीतभर जागा नाही!" सगळं ऑफिस हसायचं. मी चिडायचे, कारण काम वेळेत पाठवायची जबाबदारी माझी होती.

मग पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या एका इमारतीचं काम आलं. येरवड्याच्या दोन भाड्याच्या खोल्यांत सगळा संसार काढलेल्या या बाईनं त्याच इमारतीत स्वतःचं पहिलं घर नोंदवलं होतं. त्या पडद्यावर आत शिरल्या, चप्पल काढली आणि अडल्या. "दिवा कुठाय?" दिव्याचं बटण उघडलेल्या दाराच्या मागे होतं. इकडे आणताना दार उलटं बसलं असेल म्हणून आर्किटेक्टची मूळ फाइल पाहिली, तर तिथेही तसंच! मी म्हटलं, "ताई, बटण एक आहे, एकच मोजलंय. आपलं काम झालं."

"झालं? अगं, दमलेलं माणूस दोन्ही हातांत पिशव्या घेऊन येणार, आधी दार लावणार आणि मग अंधारात भिंत चाचपणार. तेव्हा तू येणारेस का बॅटरी धरायला?"

त्यांनी थेट आर्किटेक्टला फोन लावला. तो म्हणाला, "बाई, तुम्ही मोजा. घर आम्हाला काढू द्या."

"काढा की. राहायला आम्ही येणार आहोत, एवढं फक्त ध्यानात असू द्या."

बटण हललं, आत शिरल्यावर उजव्या हाताला आलं. त्या इमारतीतल्या सगळ्या घरांत हललं.

त्यानंतर आजार निघाला, आणि तो इमारतीपेक्षा भरभर वाढला. "ताबा मिळेपर्यंत टिकायला हवं गं," एवढी एकच गोष्ट त्या बोलायच्या. मी शेवटची भेटले तेव्हा लॅपटॉप अंथरुणावर होता, त्यावर तेच मांजरीचं घर उघडलेलं, आणि शेजारी खुर्चीत सुधाकरराव. आयुष्यभर कारखान्यात लेथ चालवलेला माणूस, पडद्याकडे बघत मान डोलवत होता. "या आत. चप्पल डावीकडे. अहो, तिकडे कुठे निघालात? आधी दिवा! उजवा हात!" मी म्हटलं, "ताई, ताबा मिळाला की बघतीलच की सगळं." "बघतील गं. पण यांना एकदा सांगून कळतंय का कधी? आत्तापासून घोटून घेते." सुधाकरराव हसले. मला तिथं बसवेना... पाणी प्यायच्या निमित्तानं मी आत जाऊन रडून घेतलं.

गेल्या आठवड्यात किल्ली मिळाली. "एकट्यानं जायला नको वाटतं," म्हणून सुधाकररावांनी मला बरोबर बोलावलं. जिन्यातच दिवेलागण झाली होती. त्या घरात त्यांनी तोवर पाऊलही टाकलेलं नव्हतं. कुलूप काढलं, दार ढकललं, आत काळोख. मी पर्समध्ये मोबाइल शोधत होते. त्यांनी चप्पल डावीकडे काढली आणि उजवा हात भिंतीवर नेला. चाचपला नाही, सरळ नेला.

दिवा लागला. "आलो गं," ते म्हणाले. आणि बराच वेळ त्या बटणावरचा हात त्यांनी काढला नाही.