हक्कसोड आणि एक सागवानी नाव

जालना जिल्ह्यात जहाज वाचवायला निघालेली बाई म्हणून माझी भरपूर थट्टा झाली. तहसिलातला एक कारकून तर म्हणाला होता, "बाई, आधी समुद्राचा अर्ज द्या, मंग जहाजाचं बघू." मीही हसले. जहाज नव्हतंच ते, गोदावरीतली नाव होती. पण लहान म्हणावी अशीही नव्हती. बैलांसकट गाडी चढायची आणि उरलेल्या जागेत वऱ्हाड बसायचं. अलीकडे आमचं गाव, पलीकडे बीड जिल्हा, आणि पूल होईपर्यंत मधे तेवढीच एक वाट. निजामाच्या काळात बांधलेली, असं जुनी माणसं सांगायची. अंगभर सागवान, मधे जाड लोखंडी पट्ट्या.

मला तिचा एवढा पुळका का, तर मी शिकले ती तिच्यामुळे. चौथीनंतर गावात शाळा नव्हती. आमच्याच बाजूच्या आष्टीत होती, पण तो रस्ता काळ्या मातीचा. पावसाळ्यात जिथे बैल रुततात तिथे पोरीला कोण पाठवणार? पलीकडच्या गावात मात्र हायस्कूल होतं. नावाड्याला सुगीत सगळ्या गावाकडून धान्य मिळायचं, म्हणून शाळेच्या पोरांकडून तो काही घेत नसे. फक्त नावेत झिरपलेलं पाणी उपसायला लावायचा. दप्तर गळ्यात अडकवून, डब्याने पाणी उपसत मी दहावी झाले आणि पुढे परतूरला मास्तरीण. माझ्याबरोबरच्या ज्या पोरींना घरच्यांनी नावेत बसू दिलं नाही, त्यांची लग्नं तेवढ्यात उरकलीसुद्धा. माझ्या पगारात त्या नावेचा वाटा आहे असं मी आजही मानते, आणि कुणी हसलं तर हसू दे.

पूल झाल्यावर नाव पडून सडू नये म्हणून वडिलांनी ती आमच्या नदीकाठच्या शेतात बाभळीखाली आणून ठेवली. वडील होते तोवर तिच्यावर कडब्याचं छप्पर असायचं, उन्हाळ्यात जवसाचं तेल लागायचं. वडील गेले आणि आमच्याकडे घरोघरी होतं तेच झालं. धाकटा भाऊ हक्कसोडाचे कागद घेऊन आला. बापाच्या जमिनीत बहिणीचा वाटा असतो आणि शहाणी बहीण तो सही करून भावाला सोडून देते. जी देत नाही तिला माहेरी पाणीसुद्धा कुणी विचारत नाही. वर्गात पोरींना कायदा शिकवणारी मी, रजिस्ट्रीच्या ऑफिसात जाऊन मुकाट सही करून आले. बाहेर आल्यावर भावाने हॉटेलात भजी खाऊ घातली. माझ्या अख्ख्या वाट्याची भजी! गरम होती, एवढं खरं.

तिथेच मी त्याला म्हणाले, "जमीन तुला लखलाभ. ती नाव तेवढी नीट करू आणि आपल्या घाटावर ठेवू. पोरांना दिसू दे आपण कसे जात होतो ते."

"आईची शप्पथ, आक्का," तो म्हणाला. "घाटावरच येनार ती."

आणि सुरुवातीला तो मनापासून राबला, हे मी नाकारणार नाही. त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून मी किती कचेऱ्या फिरले! आष्टीच्या बाजारात आम्ही छत्री लावून नाव वाचवायच्या अर्जावर सह्या घ्यायला बसायचो. सही करायला माणूस यायचा आणि तासभर नावेचीच गोष्ट सांगत बसायचा. एक म्हातारी म्हणाली, "म्या याच नावंतून नवरी होऊन आल्ते. मधल्या धारंत गोदामाईची ओटी भरल्ती. सही न्हाई येत, पर माझा अंगठा दोनदा घ्या." संभाजीनगरहून पुरातत्त्व खात्याचे एक साहेब आले, त्यांनी बोटाने लाकूड वाजवलं आणि नाव जुनी असल्याचा पुरावा मागितला. "तुमच्या आज्जीकडं होता का जन्माचा दाखला?" भावाने विचारलं. मला त्या दिवशी त्याचा फार अभिमान वाटला. आष्टीच्या सुताराने तळ तपासून सांगितलं की खालच्या चार-दोन फळ्या बदलल्या, फटीत अंबाडीचे तंतू आणि राळ भरली, की नाव पुन्हा पाण्यावर तरेल. शेवटी ग्रामसभेत ठराव झाला, नाव दुरुस्त करून घाटावर शेड बांधायची. भावाने गावभर पेढे वाटले.

मग तो पुढाऱ्यांच्या मागे-पुढे करायला लागला. नावेच्या निमित्ताने त्याचा फोटो पेपरात आलाच होता. आता पांढरे कपडे आले, फोन उचलायला वेळ लागायला लागला. एक दिवस कळलं की बाभळीखालची जागा रिकामी आहे. मी घाबरून फोन केला.

"दुरुस्तीला नेली, आक्का. इथल्या सुताराच्यानं व्हनार न्हाई ते. जालन्याकडं चांगला कारागीर हाय."

मी विश्वास ठेवला. का नाही ठेवायचा? ज्याला कडेवर घेऊन फिरवलं त्याच्यावर संशय घ्यायची मला सवय नव्हती. मधून मधून विचारायचे, तो म्हणायचा, "काम चालू हाय. बराबर करून राह्यले. जल्दी करून चालत न्हाई." बाजारात कुणी भेटलं की मीच अभिमानाने सांगायचे, नाव दुरुस्तीला गेलीय. ऐकणारे मान हलवायचे. ती मान कशी हलायची ते मला आता आठवतं, तेव्हा दिसलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या तोंडावर सांगायला एकजणही तयार नव्हता, कारण भाऊ-बहिणीच्या मधे कोण पडणार?

गेल्या लग्नसराईत भाचीचं लग्न निघालं. लग्न गावात नाही, जालन्याच्या रस्त्यावर एका पुढाऱ्याच्या लॉनवर. आत्या म्हणून माझा मान मोठा. मी सकाळीच गेले. भावजय माझ्या पाया पडली, पण डोळे वर करीना. दगदगीने थकली असेल, असं मी समजले.

मुहूर्ताच्या आधी दिवे मंद झाले, धुराचं मशीन सुरू झालं, आणि माईकवरचा माणूस ओरडला, "नवरीचं आगमन!" धुरातून नाव आली. खाली गाडीची चाकं, चार पोरं दोरीने ओढताहेत, वर सोनेरी रंग, कडेला प्लास्टिकची कमळं, आणि मधोमध माझी भाची हात जोडून उभी. मागचा भाग नव्हताच. सरळ करवतीने कापलेला, आणि कापल्या जागी आरसा बसवलेला. नावाडी जिथे वल्हं धरून उभा राहायचा ती जागाच गेली होती.

लोक टाळ्या वाजवत होते. भाऊ गर्दीतून माझ्याजवळ आला. त्याचे डोळे भरले होते, आणि ते खोटे नव्हते, हेच मला सहन झालं नाही.

"बघ आक्का," तो म्हणाला. "तुझी नाव पुन्ना चालली."

"पाणी कुठंय रे?"

तो गडबडला. "गेटातून येत नव्हती ना. मागचं थोडं काढावं लागलं. साहेबांनी लॉन फुकट दिलं आपल्याला, कायमची नाव इथंच ऱ्हानार म्हनून. गावात कोन बघायला येनार होतं? इथं रोज हजार माणूस बघतंय."

एवढ्यात नाव थांबली आणि भाचीने माझ्याकडे हात केला. "आत्या, उतरव ना मला. पप्पा म्हणले ही सगळी तुझीच आयडिया."

मी तिला हात दिला. तिला उतरवताना माझा दुसरा हात नावेच्या काठावर टेकला. सोनेरी रंगाखाली सागवान लागलं आणि मला हुंदका आला. बायकांना वाटलं, आत्या आहे, रडणारच. मला माझ्या भावाने फसवलं होतं आणि ते फसवणं हजार माणसांपुढे माझ्याच हौसेचं म्हणून मिरवलं जात होतं. जमीन सोडताना माझ्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं.

अक्षता पडल्या. आहेराची वेळ झाली. माईकवरून नवरीच्या आत्याला पुकारलं. भाऊ पैठणी घेऊन उभा होता, कॅमेरा त्याच्यावर होता. त्याने साडी पुढे केली. मी हात पुढे केला नाही.

"आक्का, घे ना. लोक बघून राह्यलेत."

"बघू दे."

त्याने ती माझ्या हातात कोंबली. मी घडी न मोडता ती शेजारच्या खुर्चीवर ठेवली, भाचीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दाराशी चपला शोधायला गेले.