आत्याच्या शिवारात काडी पेटत नाही

"काय गं पुट्टी, मोठमोठ्या बिल्डिंगांचा धूर मोजतेस म्हणे. आमच्या गावाचा कधी मोजणार?" आत्यानं फोनवर असं विचारलं आणि मी शुक्रवारची सुट्टी टाकली.

आम्ही राजाजीनगरचे. कितीतरी पिढ्या बेंगळुरात गेल्या. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. अण्णा, म्हणजे माझे वडील, शिंपी आहेत. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. बी.एस्सी. करून एका छोट्या कंपनीत इमारतींचा कार्बन मोजते, म्हणजे वीज, डिझेल, कचरा यांचे आकडे तक्त्यात भरते. गिरिजात्या अण्णांची धाकटी बहीण, चौथी शिकलेली. तिचं गाव देवनहळ्ळीच्या पुढे. नाव मात्र लिहीत नाही, कारण तिनंच बजावलंय, "नाव टाकू नकोस, लोक सेंट मारून येतील." का, ते पुढे कळेलच.

जायचंच असेल तर मॅजेस्टिकहून सकाळी सातच्या आत देवनहळ्ळीची बस पकडा. बायकांना तिकीट शून्य, फक्त आधार कार्ड जवळ ठेवा. गर्दी नसेल तर दीड तास. देवनहळ्ळीत उतरल्यावर इडली खाऊन घ्या, कारण पुढची खासगी बस भरल्याशिवाय हलत नाही. वाटेत द्राक्षांचे मांडव दिसतात, पण त्याहून जास्त दिसतात लेआउटच्या, म्हणजे विकाऊ प्लॉटांच्या, कमानी. कमान झकास, आत नुसतं गवत.

आत्याच्या दारावर कडुलिंबाची डहाळी टांगलेली होती. मी वाकून पाया पडायला गेले, तर ती दोन पावलं मागे सरली.

"थांब. अंगाला काय फासलंयस?"

"डासांचं मलम."

"मग तिथेच उभी राहा. आधी अंघोळ!"

पर्यावरणाची पदवीधर मी, अंगणातूनच न्हाणीघरात रवाना झाले. आत्याकडे रेशमाच्या अळ्या आहेत. दोन दिवसांत त्या कोष विणायला बसणार होत्या, आणि या वयात त्यांना मलम, अत्तर, धूर काहीच सोसत नाही. ज्या घरच्या अळ्या अशा नाजूक वयात, त्या घरावर लिंब. लिंब दिसला की शिवारात कुणी उघड्यावर काडी ओढायची नाही, ही इथली जुनी रीत. पूर्वी ती चार-आठ दिवसांपुरती होती. मग आत्यानं पाच घरांना पाळीपाळीनं अळ्या ठेवायला राजी केलं. आता कुणाच्या ना कुणाच्या दारावर लिंब असतोच, त्यामुळे उघड्यावर जाळणं वर्षभर बंद. पालापाचोळा खड्ड्यात जातो, त्याचं खत होतं. अळ्यांनी पानं खाल्ली की उरलेल्या तुतीच्या काड्या अंघोळीच्या बंबात, म्हणून सरपणाला कुणी झाड तोडत नाही. कोष बाजाराला पाच घरं मिळून एकच टेम्पो.

दुपारी रागीमुद्दे, म्हणजे नाचणीचे उकडलेले गोळे, आणि अवरेकाळूचं सारू, म्हणजे ओल्या पावट्याची पातळ आमटी, असं जेवून मी लॅपटॉप उघडला. कचरा जाळता? नाही. लाकूड विकत आणता? नाही. जनरेटर? नाही. आत्या स्क्रीनमध्ये डोकावली आणि तिचा चेहरा उतरला.

"सगळीकडे शून्यच की गं. नापास झालो काय आम्ही?"

मी हसत सुटले. अण्णांनी इतकी वर्षं मशीन चालवून मला जे शिकवलं, ते ही बाई न शिकता करून बसली होती.

संध्याकाळी अळ्यांच्या खोलीत गेले. हजारो अळ्या पानं खात होत्या आणि कोऱ्या मांजरपाटातून एकाच वेळी शंभर कात्र्या चालाव्यात तसा आवाज येत होता. शिंप्याच्या मुलीला घरीच आल्यासारखं वाटलं. आतोबा मात्र दारातच उभे होते. गेल्या वर्षी शेजारच्या लेआउटनं गवत पेटवलं आणि धुरानं अख्खी खेप गेली. "ही पण गेली तर दलालाला हो म्हणणार," ते म्हणाले. म्हणजे तुतीचं शेत जाणार.

शनिवारी सकाळी लेआउटच्या कुंपणाशी वाळक्या गवताचा आणि झुडपांचा घराएवढा ढीग उभा होता. वारा आमच्याच दिशेनं. आत्यानं मला पुढे ढकललं, "तू बोल. शिकलीयस."

मी लेआउटच्या सुपरवायझरला कन्नडमध्ये कार्बन, हवा, कायदा सगळं समजावलं. तो घड्याळ बघत म्हणाला, "मॅडम, स्वल्प बाजूला व्हा. उद्या प्लॉट बघायला गिऱ्हाईक येतंय, साहेबांना जागा साफ हवी."

आत्या पुढे झाली. "साफच हवी ना तम्मा? जाळलंस तर राख उचलणार कोण? ढीग आम्हाला दे. चारपर्यंत जमीन दाखवते."

"नाही दिसली तर?"

"तर काडी मीच तुझ्या हातात देईन."

"सरी अक्का, ठीक आहे. चार म्हणजे चार."

पाच घरांतल्या बाया दोरखंड, चादरी, पाट्या घेऊन आल्या. गवत खताच्या खड्ड्यात, झुडपं बंबाच्या सरपणाला. मीही भारे बांधले, तळहात सोलवटले. "पेन धरायचे हात आहेत, कुणीतरी हळद लावा गं!" म्हणून सगळ्यांनी थट्टा केली. तीन वाजले तरी पाव ढीग बाकी होता आणि सुपरवायझर खिशातली काडेपेटी उगाचच वाजवत होता. तेवढ्यात आतोबा आले. सकाळपासून ते घरात बसून होते. अळ्यांचा पाला आणायची मोठी गोणपाटं त्यांनी जमिनीवर पसरली आणि कुणाशी काही न बोलता भरायला लागले. शेवटची दोन गोणपाटं उचलायला सुपरवायझरनंच हात लावला. चारला पाच कमी असताना जमीन दिसली.

रविवारी पहाटे अळ्यांनी खाणं सोडलं. त्या पिवळसर, काचेसारख्या झाल्या होत्या. आम्ही एकेक उचलून चंद्रिकांवर, म्हणजे बांबूच्या गोल जाळ्यांवर, सोडल्या. दुपारी मी निघेपर्यंत पहिले धागे चमकायला लागले होते. आतोबा त्यांच्याकडे बघून एवढंच म्हणाले, "दलालाला फोन करून सांगतो, येऊ नकोस." आत्यानं पदरानं तोंड पुसलं आणि मला दटावलं, "बघत काय बसलीस? बस चुकेल."

ऑफिसच्या तक्त्यात या गावासाठी रकाना नाही. न जाळलेला ढीग कुठे लिहायचा, ते मला अजून कळलेलं नाही.

सोमवारी सकाळी अण्णा दुकानासमोर आठवड्याच्या चिंध्या आणि झाडाची पानं गोळा करून काडी ओढायच्या बेतात होते. वर्षानुवर्षं हेच चाललंय. यावरून मी कॉलेजात असताना त्यांना तीन वेळा भाषण दिलं होतं. या वेळी पोतं घेऊन गेले.

"अण्णा, हे मला दे."

"कुठे नेणार?"

"पानं गच्चीवरच्या जुन्या पिंपात. चिंध्या मागच्या गल्लीतल्या गादीवाल्याकडे. विचारून आलेय, उशांत भरायला हव्यात त्याला."

"हे बी.एस्सी.त शिकवतात?"

"नाही. तुझी बहीण शिकवते."

अण्णांनी माझे सोललेले तळहात बघितले. मग काडेपेटी खिशात टाकून त्यांनी पोत्याचं दुसरं टोक धरलं.

"गिरिजा लहानपणापासून अशीच," ते म्हणाले. "चल, उचल."