गारा पडण्याआधीच्या बाई

पडलेल्या गारा ओंजळीत घेऊन कॅमेऱ्यासमोर उभ्या राहणाऱ्या वार्ताहरांचा बाईंना भारी राग. "झालेलं दाखवायला काय अक्कल लागतीय? येणारं सांगा की," म्हणायच्या. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या केबल वाहिनीवर त्या बातम्या वाचत, मी कॅमेरा सांभाळत असे. आवाज असा खणखणीत, की माइक आपला नावाला.

"जिल्ह्यात तुरळक ठिकाणी गारपीट" हे वाक्य त्यांनी जन्मात वाचलं नाही. आभाळ भरून आलं, की अक्कलकोटकडच्या मैत्रिणीला फोन. "मळी बंतेनु?" पाऊस आला का, एवढं कानडीत विचारायचं आणि पुढं तो कुठं जाणार ते गावांच्या नावांनिशी सांगून मोकळं व्हायचं. अंदाज चुकला, की बाजारात बायका अडवत. बाई हसून म्हणत, "वाळवण भिजण्यापेक्षा उगाच उचललेलं बरं."

एका उन्हाळ्यात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा सत्कार आमच्याकडे थेट चालू होता. ऐन दुपारी मैत्रिणीचा फोन आला. तिकडं लिंबाएवढ्या गारा, विजांचा कडकडाट, आणि ढग माळवस्तीकडे निघालेले. माळवस्तीच्या मेंढपाळांची रीत बाईंना पाठ होती. आभाळ आलं, की माणसं आणि मेंढरं सगळी माळावरच्या एकाच चिंचेखाली जमत.

वाहिनीचे मालक म्हणाले, "हारतुरे उरकू द्या, मग सांगा." बाई सरळ खुर्चीत जाऊन बसल्या. "तू चालू कर. नोकरी गेली तर माझी जाईल."

मी चालू केलं. पुढाऱ्याच्या गळ्यात हार पडता पडता पडद्यावर बाई आल्या. "माळवस्तीच्या बायांनो, टीव्ही बघत बसू नका. घरधन्यांना फोन लावा. चिंचेखाली थांबू नका म्हणावं, मेंढरं शाळेत कोंडा."

संध्याकाळी मालकांनी बाईंना घरी बसायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीवरचे एक म्हातारे मेंढपाळ आणि मागोमाग बायकांचा घोळका आमचा जिना चढून आला. "चिच उभी फाटली," म्हातारे म्हणाले. "पर खाली कुणीबी नव्हतं. माणसं हायती, मेंढरंबी हायती. बाई कुटं हायत?" मालक चाचरले. "मग बाई येस्तवर आमी हितनं हलत न्हाय," म्हणून सगळी जिन्यातच बसली. तेवढ्यात वर्गभर लेंड्या झाल्याची हेडमास्तरांची फोनवर तक्रार. शेवटी मालक स्वतः स्कूटर काढून जुळे सोलापूरला बाईंच्या घरी गेले आणि त्यांना मागे बसवून घेऊन आले.

म्हाताऱ्यांनी बाईंच्या खांद्यावर नवंकोरं घोंगडं घातलं. मे महिन्यातला सोलापूरचा उकाडा, घामाच्या धारा, तरी त्या दिवसाच्या बातम्या बाईंनी ते पांघरूनच वाचल्या. मला कॅमेऱ्यामागे हसू आणि रडू एकदमच येत होतं.

आता बाई निवृत्त आहेत. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे गेलो असताना माळवस्तीहून एका सुनेचा फोन आला. "बाई, टीव्हीवर कुणी कायबी सांगितलं न्हाय. पर आभाळ दिसलं तसं समद्यास्नी शाळेत घेतलं. तुमी घोर करू नगा."

बाईंनी फोन ठेवला. मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "जिंकलो की रे आपण."