दोनदा मोजलेला ए-टी-ए-टी

माझं शुद्धलेखन चुकेल, अक्षरही गिचमिड आहे, माफी असावी. चौथीनंतर पेन्सिल हातात आली ती एकदम पोरीच्या कामासाठी.

पोरगी चंद्रपूरला शिकत होती. धानावर रोग आणणाऱ्या जिवाणूच्या डीएनएत चारच अक्षरं असतात म्हणे, ए, टी, जी, सी. त्यांची लांबच लांब ओळ. त्यात एखादा तुकडा नुसत्या योगायोगाने किती वेळा यावा, याचा हिशेब ती मांडत होती. त्याहून खूप जास्त आला, तर त्याचं काही काम असणार. तिचा ए-टी-ए-टी हा तुकडा फारच जास्त येत होता. प्रबंध द्यायला आठ दिवस होते. मग नोकरी, मग लॅपटॉपसाठी बचत गटातून माझ्या नावावर काढलेलं कर्ज फेडायचं.

घरी आली तेव्हा तिने गमतीने मला एका कागदावरचे ए-टी-ए-टी मोजायला दिले. माझे तुकडे कमी निघाले, कॉम्प्युटरचे जास्त. मी उठले, भांडी घासली, पुन्हा मोजायला बसले. विडीसाठी तेंदूपानं तोडून मी पुडे बांधते, एका पुड्यात बांधलेलं पान दुसऱ्यात मोजत नाही. ए-टी-ए-टी-ए-टी मी एकच धरला होता. कॉम्प्युटरने दोन, मधली दोन अक्षरं दोन्हीकडे घेऊन. शिकलेल्या पोरीला कसं विचारावं? दोन दिवस तसेच काढले. ती परत जायला निघाली, स्टॅंडवर बस दिसली तेव्हा तोंडातून निघालं.

"हे मधले अक्षरं तू दोनदा काऊन घेतले?"

"तसंच मोजतात, माय. एक सापडला का त्याच्या शेपटीले दुसरा येऊ शकते."

"मंग मोहाच्या फुलासारखंच झालं. एक फूल दिसलं तं बाजूले पाच राहतेतच. जास्त भेटले म्हणून नवल कायचं?"

ती बसमध्ये चढलीच नाही. मोजणी बरोबर होती, पण हिशेबात तिने प्रत्येक तुकडा एकटा, आपला आपण आलेला धरला होता. ढिगाने येणारे धरल्यावर ते जास्तीचं येणंही योगायोगातच बसलं. सगळं नव्याने करावं लागलं, प्रबंध सात महिने लांबला.

गटाच्या बैठकीत अध्यक्षबाई विचारायची, "काऊन बाई, पोरीचे अक्षरं मोजून झाले नाई का अजून?" बायका हसायच्या, मी चटईच्या काड्या बघायची. तेंदू तोडून हप्ते भरले, दोनदा चुकलेही. गप्प बसले असते तर, हे दर महिन्याला मनात यायचं.

प्रबंध मंजूर झाला, नोकरी लागली. पहिल्या पगारातून राहिलेले सगळे हप्ते एकदम नेले. अध्यक्षबाईने नोटा मोजल्या. मी म्हटलं, एकदा अजून मोजा. पैसे बरोबर भरले. कर्ज फिटलं.