दादाच्या उशाशी लाल झालेलं पाणी

मी मायक्रोबायोलॉजीची. करणी-बिरणी, भूत-बित असलं कुणी बोललं की मी तोंडावर हसते. हे वाचून तुम्हीही हसा... फक्त माझा दादा यात गेला, एवढं लक्षात ठेवून हसा.

१९९६-९७चा काळ. आमचं गाव वडखळजवळ, खाडीलगत, घरचं मिठागर. दादा रोह्याच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला, खोली तिथेच जवळ, वरसे गावात. काम म्हणजे पाइपांच्या वेल्डिंगचे फोटो काढायचे — एक्स-रेसारखे, पण किरणोत्सर्गी गोळीने. गोळी जाड शिशाच्या डब्यात आणि डबा जमिनीखालच्या कुलूपबंद खड्ड्यात.

मिठागरातलं पाणी लाल झालं की मीठ धरायला लागतं. तसलं लाल पाणी शुभ म्हणून बाटलीत भरून आई बाहेरगावी जाणाऱ्याला देतेच, दादालाही दिलेलं. खोलीतले पार्टनर चिडवतात म्हणून या शहाण्याने बाटली ठेवली कुठे? त्या खड्ड्यात! गणपतीला घरी आणली तेव्हा पाणी लालभडक. मी चक्रावले. हा रंग जीवाणूंचा. आठ महिने अंधारात, बूच बंद, खायला काही नाही — ते केव्हाच मरायला हवे होते. बाटली मी खिडकीत ठेवली, तर आठवड्यात पाणी पांढरं. दादाने परत खड्ड्यात ठेवली, परत लाल!

मला तर हर्षवायूच व्हायचा बाकी होता. "अजून दोनदा कर ना रे दादा."

"करतो गो. पण खाली जाताना बिल्ला काढून ठेवायला लागल. तो भरला तर घरी बसवतील, मग पर्मनंट कसला व्हतोय?"

बिल्ला म्हणजे छातीवरचा, किरण मोजणारा. कंत्राटी पोरं सगळीच तो काढून ठेवत. मला हे चुकीचं आहे हे कळत होतं. तरी मी बाटली त्याच्या हातात दिली.

शेवटच्या खेपेला गोळी डब्यात पुरती परत गेलेली नव्हती. कुणालाच कळलं नाही. आधी त्याच्या बोटांना फोड आले, मग केस गेले, मग रक्त कमी होत गेलं. मुंबईच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं.

घरी परत येऊन खिडकीत पांढरी पडलेली बाटली आईने उचलून त्याच्या उशाशी ठेवली. तिसऱ्या दिवशी पाणी गुलाबी... पाचव्या दिवशी लाल.

आई हरखली. "बघ गो, लाल झाला पानी! आता धरतंय. माजा पोऱ्या उठतंय!"

मी कारखान्यात कळवलं. कारखान्याचा माणूस मीटर घेऊन आला. दादाजवळ धरलं, कपड्यांजवळ, बाटलीजवळ धरलं. काटा हलला नाही. हलणारच नव्हता — बाहेरून किरण लागलेला माणूस स्वतः किरण सोडत नसतो. मग ते पाणी कशावर जगत होतं?

दादा खंगत गेला आणि पाणी गडद होत गेलं. तो गेला त्या दुपारी ते सगळ्यात लाल होतं. चौथ्या दिवशी पांढरंफटक.

पुढे बऱ्याच वर्षांनी वाचलं, की परग्रहांवर, ऊन कधीच न पोचणाऱ्या जमिनीच्या पोटात, किरणोत्सर्गाने पाण्याचे रेणू फुटून त्यावर जीवाणू जगत असतील. असतील बापडे. खड्ड्यातलं त्याने समजतं. उशाशी काय झालं ते आजही मला कळलेलं नाही, आणि आता कळेल असं वाटतही नाही.

आई अजून विचारते, "तू शिकलेली ना गो, सांग, माजा काय चुकला?"

"तुझं काय नाय चुकलं गो आये," मी म्हणते.

ती बाटली कुणासाठी खाली जात होती, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.