वळणावरचा हार

आमच्या महामार्गावर घाटात एक वाईट वळण आहे. तिथे रस्त्याची बाहेरची कड उचललेली हवी, ती उलट खाली गेली आहे. त्यामुळे गाड्या घसरून कठड्यावर आदळतात. तिथेच नवरा गेलेली एक बाई दर सोमवारी त्या कठड्याला झेंडूचा हार बांधायची.

मंत्र्यांच्या दौऱ्याआधी आमचे कार्यकारी अभियंता पाहणीला आले. मी त्यांच्या हाताखालचा उपअभियंता. वळणाच्या दुरुस्तीचं मी पुन्हा एकदा बोललो. त्यांचं लक्ष हाराकडे होतं.

"हे काढून टाका. बरं दिसत नाही."

"मी नाही काढणार, साहेब."

त्यांनी स्वतःच हार ओढला, दरीत फेकला, रुमालाला बोटं पुसली आणि कठडा रंगवायला सांगितला. मला शिसारी आली. वळणाचा उतार कसा काढायचा, हे नोकरीच्या सुरुवातीला मला यांनीच शिकवलं होतं. माणूस शिकलेलं विसरत नाही. दर बढतीला त्यातलं थोडं थोडं गिळत जातो आणि ढेकरही देत नाही.

पुढच्या सोमवारी ती बाई ताज्या रंगाकडे बघत उभी होती.

"रस्ता नीट केला का, साहेब?"

"नाही. नुसता रंग दिलाय."

"मग निदान तसं लिहा तरी."

मी फलक लावला: 'सावकाश. या वळणाचा उतार चुकलेला आहे.' खाली खात्याचं नाव घातलं.

माझी लगेच बदली झाली. फलक अजून तिथेच आहे. तो काढायचा तर कारण लिहून खाली सही करावी लागेल, आणि सही करायला कुणी तयार नाही.