उकिरड्याशेजारचा नमुना

तिसराही फ्लास्क हिरवा झाला. मग चौथा. पाचव्याच्या आधी मी खुर्ची ओढून बसले.

ही मातीतल्या सेंद्रिय कर्बाची टेस्ट. शेणखत, पालापाचोळा कुजून मातीत जो उरतो, तो हा कर्ब. मातीवर नारिंगी द्रावण आणि ॲसिड ओततात. कर्ब भरपूर असला की नारिंगी रंग संपून हिरवा येतो. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या काळ्या मातीत तो बेताचाच असतो. इथे मात्र अख्ख्या वर्गाची शेतं जंगलासारखी निघाली होती.

मी कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकवते. थिअरी ऑनलाइन, नमुना घरच्या शेतातून आणि शनिवारी लॅब कॉलेजात, अशी व्यवस्था मी त्या सत्रात मागून घेतली होती. माझी विद्यार्थिनी, रोहणा गावची पल्लवी, आठवडाभर आर्वीच्या कृषी केंद्रात काम करायची. रोज कॉलेजला यायचं म्हटलं तर तिचं शिक्षणच सुटणार होतं.

प्राचार्यांना हे पहिल्यापासून पटलं नव्हतं. हिरवे फ्लास्क बघून ते म्हणाले, "मॅडम, घरून प्रॅक्टिकल केलं की असंच होणार. पुढच्या शनिवारी नीट करून दाखवा. नाही तर सगळे रोज कॉलेजात."

आधी मी केमिकलवर संशय घेतला. कॉलेजच्या फार्मवरची माती तपासली. ती नारिंगीच राहिली, म्हणजे केमिकल ठीक होतं. मग मुलांना विचारलं, माती कुठून आणली? कोणी उकिरड्याशेजारून, कोणी गोठ्यामागून, कोणी चिंचेखालून. या जागा टाळा, असं माझ्या स्लाइडवर ठळक अक्षरांत होतं.

"स्लाइड मी पाह्यली मॅडम," पल्लवी म्हणाली. "बाबांनी कुठं पाह्यली? ते म्हणे, कॉलेजात चालली तर चांगली ने. खराब नेशीन तर लोक काय म्हणतीन."

चूक माझी होती. मी मुलांना शिकवलं, आणि कुदळ होती घरच्यांच्या हातात.

दर बुधवारी सकाळी सातला लाइव्ह क्लास सुरू केला. मुलं आपापल्या वावरात, मी कॉलेजच्या फार्मवर. अट एकच, वावराचा मालक हजर हवा.

पहिल्या बुधवारी पल्लवीच्या वडिलांनी फोन धरला. दहा मिनिटं मला त्यांचं कपाळ आणि आभाळ दिसलं. मग कॅमेरा खाली आला आणि काम सुरू झालं. वावरात नागमोडी चालत दहा ठिकाणी वीतभर खड्डे. खड्ड्याची कड तासून माती घमेल्यात. सगळी मिसळून ढीग, ढिगाचे चार भाग, समोरासमोरचे दोन फेकायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. चालता चालता पल्लवी उताराकडच्या पांढुरक्या पट्ट्याकडे वळली, त्याचा वेगळा नमुना घ्यायला.

"तिकडं काऊन जाऊन राह्यली?" वडील कुजबुजले. "तो टुकार भाग आहे."

"भाऊ, चांगला भाग तुम्हाला माहीतच आहे," मी म्हटलं. "तो सांगायला मॅडम कशाला हवी?"

ते हसले. मग मोकळे होऊन त्या पट्ट्याची सगळी रडगाणी सांगू लागले. तेवढ्यात शेजारच्या चौकटीतले एक काका म्हणाले, आमचा पट्टा याहून टुकार आहे. दोघांची पैज लागली. शेवटी मला दोघांना म्यूट करावं लागलं.

शनिवारी सावलीत वाळवलेले नमुने आले. पल्लवीच्या पट्ट्याचा फ्लास्क लख्ख नारिंगी, उरलेल्या वावराचा जरा मळकट. वर्गातले कुठलेच दोन सारखे नव्हते. मला ते फार आवडलं.

प्राचार्य रांगेवरून दोनदा फिरले. मग त्यांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. त्यांच्या समुद्रपूरच्या शेतातली माती. "हीपण करून टाका."

पल्लवीने हात पुढे केला नाही. "सर, कुठून घेतली?"

"विहिरीजवळून."

"किती ठिकाणून?"

"एकाच."

"मग नाई होत सर. बुधवारी सातले जॉइन व्हा. मी लिंक पाठवतो."

लॅबमध्ये कोणी हसलं नाही, पण सगळ्यांच्या माना खाली गेल्या. सरांनी पिशवी परत खिशात घातली आणि मला म्हणाले, "चालू ठेवा तुमचं."

बुधवारी ते जॉइन झाले, कॅमेरा बंद ठेवून.

तेव्हापासून मी पटावर विद्यार्थ्याच्या नावाखाली वावराच्या मालकाचंही नाव लिहिते. हजेरी त्यांचीच जास्त भरते.